अली विरुद्ध मार्सियानो: न झालेली लढत कोणी जिंकली?

20 जानेवारी 1970 च्या रात्री अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या शेकडो थिएटरांत लोक तिकीट काढून बॉक्सिंगची एक लढत बघायला बसले होते. एका कोपऱ्यात मुहम्मद अली, दुसऱ्यात पन्नासच्या दशकातला अजिंक्य चॅम्पियन रॉकी मार्सियानो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं ते असं: तेराव्या राउंडला मार्सियानोनं अलीला लोळवलं आणि रेफरीनं दहा आकडे मोजले. आता यातली मेख. ही लढत झालीच नव्हती. आणि पडद्यावर जिंकलेला मार्सियानो त्याआधी साडेचार महिन्यांपेक्षा जास्त काळ मेलेला होता.

हा उद्योग मरी वोरोनर नावाच्या मायामीतल्या एका रेडिओ निर्मात्याचा. 1967 मध्ये त्यानं वेगवेगळ्या काळातले सोळा हेवीवेट (सर्वात वजनदार गटातले) चॅम्पियन निवडले आणि त्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर लावून दिली. निकाल द्यायला एनसीआर 315 हा कॉम्प्युटर. त्या काळी 'कॉम्प्युटरनं सांगितलंय' म्हटलं की पुढे बोलायची सोय नसायची. अंतिम लढतीत मार्सियानोनं जॅक डेम्प्सीला हरवलं. अली मात्र आधीच बाद झाला होता, तोही जिम जेफ्रीजकडून. हा जेफ्रीज 1899 ते 1905 चा चॅम्पियन. निवृत्तीतून परत आला तेव्हा 1910 मध्ये रेनोला जॅक जॉन्सननं त्याला बडव बडव बडवलं होतं. अशा माणसाकडून आपण हरलो हे ऐकून अली भडकला. त्यानं बदनामीचा दावा ठोकला, रक्कम दहा लाख डॉलर. तडजोड अशी झाली की अलीनं कॅमेऱ्यासमोर मार्सियानोशी लुटुपुटुची लढत खेळायची.

अलीला तेव्हा कामाची गरजही होती. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे 1967 मध्ये त्याचा किताब काढून घेतला होता आणि लढायला परवाना मिळत नव्हता. वय सत्तावीस. मार्सियानो पंचेचाळीसचा, शेवटची खरी लढत 1955 ची. त्यानं वीस किलोच्या आसपास वजन उतरवलं, टकलावर टोप चढवला आणि मायामीच्या स्टुडिओत दोघांनी एक-एक मिनिटाचे सत्तरेक राउंड चित्रित केले. शेवटही निरनिराळे घेऊन ठेवले. कोणता वापरायचा ते कॉम्प्युटर सांगणार होता.

आपल्याकडे कट्ट्यावर 'गावसकर आजच्या बोलिंगपुढे' किंवा 'बुमरा सत्तरच्या दशकातल्या पिचवर' असली भांडणं रात्र-रात्र चालतात. बॉक्सिंगवाल्यांचं भांडण याच जातीचं, पण जास्त जुनं आणि जास्त कडू. क्रिकेटमध्ये निदान धावा आणि सरासऱ्या तरी समोर मांडता येतात. धावण्याच्या शर्यतीत तर घड्याळच असतं: जेसी ओवेन्स 1936 मध्ये बर्लिनला 100 मीटर 10.3 सेकंदांत धावला, उसेन बोल्ट 2009 मध्ये त्याच शहरात 9.58 मध्ये. ओवेन्स जळक्या कोळशाच्या भुकटीच्या ट्रॅकवर धावला वगैरे सूट द्यायची तेवढी द्या, पण मोजायला काहीतरी हातात आहे. बॉक्सिंगमध्ये घड्याळ फक्त राउंड संपवायला असतं. बॉक्सर किती चांगला हे समोर कोण उभा आहे यावरच ठरतं, आणि समोरचा तर चाळीस वर्षांपूर्वीच रिटायर झालेला.

मग असा अंदाज बांधायचा तरी कसा?

पहिली पायरी म्हणजे नाव नव्हे, तारीख घ्यायची. 'अली' म्हणजे कोणता अली? नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडांत संपवणारा, पायाला स्प्रिंग लावल्यासारखा नाचणारा अली वेगळा. 1974 मध्ये किन्शासाला दोरांना टेकून मार खात, समोरच्याला दमवून हरवणारा अली वेगळा. आणि 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर नुसता उभा राहिलेला अली, तो न आठवलेलाच बरा. मार्सियानोचं सोपं आहे. 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट, आणि उताराला लागायच्या आत निवृत्ती. त्यामुळे त्याची वाईट आवृत्ती कुणी पाहिलीच नाही. अशा तुलनांमध्ये हा त्याला मिळणारा मोठा फुकटचा फायदा आहे, आणि तो फार कमी लोक हिशेबात धरतात.

दुसरी पायरी नियमांची, आणि इथे जरा थांबायला हवं. लोक नियमांना किरकोळ समजतात.

आजची किताबाची लढत बारा राउंडांची. पूर्वी ती पंधराची असे. नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांत दगावला. त्यानंतर एकेका संघटनेनं राउंड बारावर आणले. निर्णय योग्यच होता. पण आता हे बघा. 23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटकडून किताब हिसकावायला उतरलाय. पहिल्याच राउंडला वॉलकॉटनं त्याला खाली पाडलं, कारकिर्दीत पहिल्यांदाच. बारा राउंड संपले तेव्हा निर्णय देणाऱ्या तिघांच्याही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या राउंडला वॉलकॉट दोरांजवळ. दोघांचे उजवे हात जवळजवळ एकदमच सुटतात, मार्सियानोचा जरा आधी पोचतो. जेमतेम फूटभर प्रवास केलेला ठोसा. वॉलकॉट गुडघ्यांवर येतो, एक हात दोरीत अडकलेला, आणि तसाच हळूहळू जमिनीकडे घसरत जातो.

हीच लढत आजच्या नियमांनी झाली असती तर? तेरावा राउंड आलाच नसता. वॉलकॉट गुणांवर चॅम्पियन राहिला असता आणि जगानं तोंडपाठ केलेला 49-0 हा आकडा अस्तित्वातच नसता.

हे एकच उदाहरण नाही. 18 जून 1941 ला चॅम्पियन जो लुईसशी लढताना त्याच्यापेक्षा बराच हलका बिली कॉन बारा राउंडांनंतर दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, तिसरीवर बरोबरी. तेराव्या राउंडला त्याला लुईसला आडवा पाडायचा मोह झाला, आणि स्वतःच आडवा झाला. आजच्या नियमांनी लुईसचा किताब त्या रात्री गेला असता. लुईसनं सलग 25 वेळा किताब राखला, त्या आकड्याचंही मग काही खरं नव्हतं.

डोळ्यावरची जखम वाहायला लागली तर आज डॉक्टर रिंगच्या कडेला चढतो, टॉर्च मारून बघतो आणि लढत थांबवायला सांगू शकतो. पूर्वी थांबवायची घाई नसे. वजन पूर्वी लढतीच्याच दिवशी सकाळी घेत. आज आदल्या दिवशी घेतात, म्हणजे अंगातलं पाणी काढून वजनात बसायचं आणि रातोरात ते परत भरायचं. (हेवीवेटला वरची मर्यादा नसल्यामुळे त्यांना हा त्रास नाही, पण खालच्या गटांत एका रात्रीत माणूस बदलतो.) समोरचा पडला की दूरच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियमही कायमचा नाही. 4 जुलै 1919 ला टोलेडोत डेम्प्सीनं जेस विलार्डला पहिल्याच राउंडला सात वेळा पाडलं, तेव्हा तो विलार्ड उठायची वाट बघत त्याच्या डोक्यावरच उभा असे. आठ वर्षांनी, हा नियम आल्यावर, शिकागोत डेम्प्सीसमोर जीन टनी पडला. डेम्प्सी जुन्या सवयीनं तिथेच घुटमळला, रेफरीनं मोजणी उशिरा सुरू केली आणि टनीला सावरायला वेळ मिळाला. टनी जिंकला. तेव्हा 'डेम्प्सी विरुद्ध माइक टायसन' म्हणताना पहिला प्रश्न हा: नियम कुणाचे?

जाता जाता एक. मराठीत 'पंच' म्हणजे निर्णय देणारा आणि इंग्रजीत तोच शब्द मारणाऱ्याच्या बाजूचा. म्हणून या लेखात मारतात तो ठोसा आणि सोडवतो तो रेफरी.

तिसरी पायरी सर्वात निसरडी. जुन्या माणसाला जसाच्या तसा उचलून आजच्या रिंगमध्ये ठेवायचा, की तो आज जन्मला असता असं धरायचं? मार्सियानो साधारण 184 पौंडांचा, म्हणजे साडेत्र्याऐंशी किलो. आज 200 पौंडांपर्यंतचे बॉक्सर क्रूझरवेट गटात मोडतात. जसाच्या तसा आणला तर तो आज हेवीवेट नाहीच. पण आज जन्मला असता तर लहानपणापासूनचं खाणं, वजनं उचलून कमावलेलं शरीर, आहारतज्ज्ञ, सगळं त्याला मिळालं असतं. तो 210 चा झाला असता का? आणि झाला असता तर पंधरा-पंधरा राउंड न थकता पुढे घुसत राहणारा तो मार्सियानो उरला असता का? याला उत्तर नाही. वाद घालणारे एका वाक्यात पहिला पर्याय वापरतात आणि पुढच्याच वाक्यात दुसरा, आणि भांडण संपत नाही ते त्यामुळे.

आकार निर्णायक असतो का? असतो, पण वाटतो तितका नाही. सव्वासहा फुटांहून उंच आणि 245 पौंडांच्या विलार्डला डेम्प्सीनं फोडला तेव्हा त्याचं स्वतःचं वजन होतं 187. राक्षसी देहाच्या प्रिमो कार्नेराला 1934 मध्ये मॅक्स बेअरनं अकरा वेळा पाडलं, पुढच्या वर्षी लुईसनं. 'ते जुने काळ हो' म्हणाल तर मे 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांदर उसिकनं सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीला हरवलं. उसिक मुळात क्रूझरवेटचा चॅम्पियन. फरक एवढाच की विलार्ड आणि कार्नेरा नुसते मोठे होते. लेनॉक्स लुईस, व्लादिमिर क्लिच्को किंवा फ्युरी हे मोठे असून शिकलेले: लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकतात, समोरचा जवळ आला की त्याच्या अंगावर सगळं वजन टाकून मिठी मारतात, सोडवलं की पुन्हा लांबून जॅब. 187 पौंडांचा डेम्प्सी या कंटाळवाण्या पण अचूक यंत्रणेसमोर काय करेल, हा खरा प्रश्न आहे. मला वाटतं, पहिल्या चार राउंडांत जमलं नाही तर फार काही नाही.

आता गणितवाल्यांकडे वळू. सर्वात मोहात पाडणारी युक्ती साखळीची. अ नं ब ला हरवलं, ब नं क ला, म्हणून अ हा क ला हरवणार. बॉक्सिंगमध्ये ही साखळी कशी तुटते ते बघायचं तर 1971 ते 1974 ही चार वर्षं पुरतात. मार्च 1971 मध्ये जो फ्रेझरनं अलीला हरवलं. जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमननं त्याच फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा पाडलं. मार्च 1973 मध्ये केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. पुढच्या मार्चमध्ये फोरमननं नॉर्टनलाही दुसऱ्याच राउंडला निजवलं. साखळीच्या हिशेबानं फोरमनसमोर अलीची धडगत नव्हती, जाणकारांनाही तसंच वाटत होतं. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा: अलीनं आठव्या राउंडला फोरमनला झोपवलं.

हे असं का? कारण बॉक्सिंगमध्ये ताकद ही उंचीसारखी एका पट्टीवर मोजता येत नाही. ते दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखं आहे. फ्रेझर कमरेत वाकून, डोकं डोलवत सरळ आत घुसायचा. अलीला तो त्रासाचा, कारण अली मागे झुकून वार चुकवायचा आणि फ्रेझरचा डावा हूक (बाजूनं वळून येणारा ठोसा) नेमका तिथे पोचायचा. पण फोरमनला असाच माणूस हवा. तो दोन्ही हातांनी समोरच्याला ढकलून पाहिजे तेवढ्या अंतरावर ठेवायचा आणि अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, घालायचा. फ्रेझर वाकून त्या अपरकटवर स्वतःच येऊन आदळत होता. अली वाकत नव्हता. तो उंच होता, फोरमनची मान धरून खाली दाबत होता, दोरांवर रेलून ठोसे हातांवर घेत होता आणि उघड्या चेहऱ्यावर सरळ उजवा हात ठेवून देत होता. फोरमनचं हत्यार तेच होतं, समोर कापायला तो माणूस नव्हता.

दुसरी युक्ती समाईक प्रतिस्पर्ध्याची. अली आणि मार्सियानो दोघांशी लढलेला एक माणूस आहे, आर्ची मूर. सप्टेंबर 1955 मध्ये मूरनं मार्सियानोला दुसऱ्या राउंडला पाडलं, नंतर मार्सियानोनं त्याला नवव्याला संपवलं. नोव्हेंबर 1962 मध्ये अलीनं, तेव्हाच्या कॅशियस क्लेनं, त्याच मूरला चौथ्याच राउंडला. मग अली सरस? थांबा. पहिल्या लढतीच्या वेळीच मूर चाळिशीच्या आसपास होता. त्याच्या जन्मसालाबद्दल त्याचं आणि त्याच्या आईचंही एकमत नसे. दुसऱ्या लढतीला तो त्याहून सात वर्षांनी म्हातारा. दोन काळांना जोडणारा पूल बहुतेक वेळा असाच असतो: एका टोकाला भक्कम, दुसऱ्या टोकाला मोडकळीला आलेला. 1951 मध्ये मार्सियानोनं जो लुईसला आठव्या राउंडला रिंगबाहेर ढकललं तेव्हा लुईस सदतीस वर्षांचा होता. त्या विजयावरून 'मार्सियानो लुईसपेक्षा मोठा' असं कुणी म्हटलं तर हसू येतं. उलट टोकही आहेच: 1994 मध्ये पंचेचाळीस वर्षांच्या फोरमननं सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला झोपवून किताब परत मिळवला. म्हणजे सत्तरच्या दशकातले सगळे नव्वदच्या दशकातल्या सगळ्यांपेक्षा भारी? तसंही नाही. त्या रात्री नऊ राउंड फोरमन हरतच होता.

तिसरी युक्ती रेटिंगची. बुद्धिबळासाठी अर्पाड एलो यांनी जी पद्धत बसवली तिचं तत्त्व सोपं आहे: जिंकलात तर गुण घ्या, हरलात तर द्या, आणि बलवानाला हरवलंत तर जास्त घ्या. दोघांत 200 गुणांचा फरक असेल तर वरच्याला सरासरी दर शंभर डावांत सुमारे 76 डावांइतके गुण मिळावेत, 400 चा असेल तर 91. एकाच काळातल्या लोकांसाठी हे झकास चालतं, कारण ते एकमेकांशी खेळत असतात आणि गुण फिरत राहतात. पण 1920 चं तळं वेगळं, 2020 चं वेगळं, आणि मधला कालवा म्हणजे पुन्हा तेच थकलेले म्हातारे. त्यात चॅम्पियन ज्यांना टाळतात त्यांचे गुण कळतच नाहीत. काळ्या हॅरी विल्सला डेम्प्सीशी किताबाची लढत कधीच मिळाली नाही. डेम्प्सीचं रेटिंग काढताना ती न झालेली लढत कोणत्या रकान्यात भरणार?

फिल्म बघून ठरवावं म्हणाल, तर हॅरी ग्रेब घ्या. जवळपास तीनशे लढती लढलेला, जीन टनीला कारकिर्दीत हरवणारा एकमेव माणूस. त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही, सराव करतानाचं थोडं चित्रण तेवढं आहे. आणि ज्यांची आहे त्या हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यांच्या फिल्म चुकीच्या वेगानं दाखवल्या की जॅक जॉन्सनसारखा बचावाचा उस्ताद चार्ली चॅप्लिनसारखा तुरुतुरु पळताना दिसतो. त्याला हसून 'हे कसले बॉक्सर' म्हणणारे प्रोजेक्टरला हसत असतात.

मग वोरोनरच्या कॉम्प्युटरनं काय केलं? त्याच्या पोटात बॉक्सर नव्हते, बॉक्सरांबद्दल जाणकारांनी दिलेले गुण होते: वेग किती, ठोशात जोर किती, मार सोसायची ताकद किती. मत आत गेलं, छापील होऊन बाहेर आलं. तेरावा राउंड वाचला की मला तर फिलाडेल्फियाचा वॉलकॉटच आठवतो. शिवाय मशीन एकच निकाल सांगतं, तिथेच गफलत. समजा शंभरदा लढवलं तर साठदा अली जिंकेल. तरी एका रात्रीपुरतं मार्सियानो जिंकणं ही चूक नव्हे. प्रामाणिक उत्तर 'कोण' असं नसतं, 'शंभरात किती' असं असतं. पण त्याची तिकिटं खपत नाहीत.

माझं उत्तर हवं असेल तर करार आधी लिहून घेऊ. 1966 चा अली, 1952 चा मार्सियानो, दोघेही जसेच्या तसे. अलीच्या हातांची पोच 78 इंच, मार्सियानोची 68 च्या आत-बाहेर. ही पोच एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत मोजतात, त्यामुळे जॅब टाकताना प्रत्यक्ष फरक दहा इंचांचा नाही, पाचेकच इंचांचा. तरी पुरेसा. मार्सियानोची कातडी लगेच फाटायची. सप्टेंबर 1954 मध्ये एझर्ड चार्ल्सनं त्याची नाकपुडी उभी चिरली होती आणि लढत थांबायच्या बेतात असतानाच त्यानं आठव्या राउंडला चार्ल्सला पाडलं. अलीचा जॅब म्हणजे चेहऱ्यावर फिरणारा वस्तरा. आजचे नियम, आजचा डॉक्टर, बारा राउंड: शंभरात पंच्याऐंशी वेळा अली, त्यातल्या बऱ्याचदा रक्तामुळे लढत थांबवून.

नियम 1952 चे, पंधरा राउंड, लहान रिंग, मिठी मारू न देणारा आणि रक्ताला न घाबरणारा रेफरी असेल तर मी जरा सावरून बसेन. 1963 मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हूकनं अलीला लोळवलं होतं, आणि कूपरचं वजन जवळपास मार्सियानोएवढंच होतं. मार्सियानो तर चेहरा सापडला नाही तर दंडांवर मारायचा; दहाव्या राउंडपर्यंत समोरच्याला हात वर धरवत नसत. तरीही शंभरात पासष्ट अली. उरलेल्या पस्तिसातले बहुतेक तेराव्या राउंडनंतरचे.

युरोपात त्या चित्रपटाचा वेगळा शेवट दाखवला गेला, तिथे मार्सियानो जखमांमुळे हरतो. चित्रण संपलं तेव्हा कोणता शेवट निवडला जाईल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, 31 ऑगस्ट 1969 ला, आयोवात छोटं विमान कोसळून मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता. जानेवारीत अली थिएटरात बसला आणि कॅमेऱ्यासमोर आपण जितक्यांदा पडलो होतो त्यातलं हे कोणतं पडणं वापरलंय, ते त्यानं सगळ्यांबरोबरच पहिल्यांदा पाहिलं.